पहिली पंप ॲक्शन बंदूक : मळ्यातल्या घराच्या राखणीसाठी आणि नेमबाजीसाठी काय पाहून घ्यावी?

मळेकर

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात गावापासून लांब, द्राक्षबागेतच आमचे घर आहे. घरात आईवडील, पत्नी आणि दोन शाळकरी मुले असतात. हंगामात बेदाण्याच्या शेडवर मजूर मुक्कामाला असतात, त्यांच्या पगाराची रोकड काही दिवस घरात ठेवावी लागते, आणि ती कधी असते हे पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक असते. रात्री दोन वाजता कुत्री भुंकू लागली की दार उघडावे की नाही, हा प्रश्न मळ्यात राहणाऱ्या प्रत्येकाला पडत असेल.

बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप) पंप ॲक्शन बंदूक, म्हणजे दर बारानंतर नळीखालचा दस्ता हाताने मागे-पुढे करून पुढचे काडतूस घ्यायची बंदूक, परवाना काढून घ्यावी, असा माझा विचार चालू आहे. घराची राखण हा मुख्य हेतू, पण नेमबाजीही रीतसर शिकायची आहे, विशेषतः हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्यांवरची. घरी वडिलांच्या नावावर एक जुनी दुनळी आहे. वडिलांनी सत्तरी ओलांडली असून ती बंदूक परवाना नूतनीकरणाच्या वेळेसच कपाटाबाहेर येते.

वाचायला जे मिळाले ते बहुतेक अमेरिकेतले आहे. तिथे रेमिंग्टन ८७० घ्यावी की मॉसबर्ग ५००, एवढाच वाद असतो आणि घरासाठी साडेअठरा इंची नळी उत्तम असे सर्वजण सांगतात. आपल्याकडे यातले किती लागू पडते? नळी किती लांब असावी, काडतुसे कोणती वापरावीत आणि एकाच बंदुकीत दोन्ही हेतू साधतील का, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

कोर्टकचेरी

मळेकर, आधी नळीचा मुद्दा निकालात काढू, कारण त्यावरच तुमचा अर्ज अडकू शकतो. अमेरिकेत १९३४ च्या कायद्यानुसार शॉटगनच्या नळीची किमान लांबी १८ इंच आहे, म्हणून तिथले कारखाने घरगुती वापरासाठी साडेअठरा इंची नळी काढतात. आपल्याकडे २० इंचांपेक्षा आखूड नळीची गुळगुळीत बोअरची, म्हणजे नळीत आटे नसलेली, बंदूक शस्त्र नियम २०१६ प्रमाणे निर्बंधित वर्गात जाते, आणि तो परवाना तुमच्या-माझ्यासारख्याला मिळण्यातला नाही. सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांचेही तेच आहे. पंप ॲक्शनमध्ये दरवेळी हाताने काडतूस भरले जाते, त्यामुळे २० इंच किंवा त्याहून लांब नळीची पंप ॲक्शन बंदूक साध्या परवान्यावर घेता येते.

दुसरे असे की, शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३(३) मध्ये संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना ‘द्यावा’ अशीच भाषा आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला सबळ कारण दाखवावे लागते, त्या मानाने तुमची बाजू पहिल्यापासून बळकट आहे. तरीही कलम १४ खाली नाकारण्याचे अधिकार आहेतच आणि प्रत्यक्षात पोलीस अहवालावर बरेच अवलंबून असते. म्हणून ‘जिवाला धोका आहे’ असे मोघम लिहिण्यापेक्षा घराचे गावठाणापासूनचे अंतर, हंगामातली रोकड, बेदाण्याचा साठा आणि परिसरातल्या चोऱ्यांबाबत पोलिसांकडे झालेल्या नोंदी, असे जे खरे आहे ते तपशिलाने आणि कागदासह जोडा. केवळ अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही या कारणाने परवाना नाकारता येत नाही, हेही कलम १४ मध्येच आहे. तुम्हाला त्याचा उपयोग नसला तरी हा धागा वाचणाऱ्या एखाद्याला होईल. सांगलीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अर्ज नाकारला तर अपील पुण्याला विभागीय आयुक्तांकडे जाते.

वडिलांच्या दुनळीबद्दल स्वतंत्रपणे लिहितो. ते प्रकरण तुम्हाला वाटते त्यापेक्षा सोपे आणि फायद्याचे आहे.

अपशिंगेकर

राम राम. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि नंतर काही वर्षे साताऱ्यात सुरक्षारक्षक म्हणून दुनळी खांद्याला लावून उभा राहिलो. त्यामुळे या हत्याराशी ओळख बरी आहे.

रेमिंग्टन आणि मॉसबर्ग ही नावे तूर्त बाजूला ठेवावीत. दोन्ही उत्तम बंदुका आहेत. पहिली १९५० पासून आणि दुसरी १९६० च्या दशकापासून निघते आहे. पहिलीचा सांगाडा पोलादी असून तिची सेफ्टी, म्हणजे चाप अडवून धरणारी कळ, चापामागे आडवी असते. दुसरीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे आणि तिची सेफ्टी वरच्या बाजूला, अंगठ्याखाली येते. पण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आपल्याकडे सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. नामवंत नेमबाजांना तेवढी सवलत आहे. त्याआधी देशात आलेल्या जुन्या बंदुका हातोहात फिरतात, त्यांची किंमत नावाची असते आणि सुटे भाग मिळत नाहीत. पहिली बंदूक घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

राहता राहिल्या देशी बंदुका. सरकारी आयुध निर्माणीची बारा बोअर पंप ॲक्शन गन दुकानदारांच्या बोलण्यात ‘पीएजी’ या नावाने येते. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या आणि बंदुकांचे काम कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे गेले, म्हणून बिलावर आता ते नाव दिसू शकते. खासगी देशी कारखानेही बंदुका बनवतात. मी कोणाची शिफारस करणार नाही, कारण एकाच कारखान्याच्या दोन बंदुकांमध्ये फरक निघतो. समोर ठेवलेली बंदूक तपासून घ्यावी, छाप पाहून घेऊ नये. ती कशी तपासावी हे सवडीने लिहितो.

कृष्णाकाठ

नेमबाजीबद्दल मी लिहितो, कारण इथे मळेकरांची निराशा होण्याची शक्यता आहे आणि ती खरेदीनंतर होण्यापेक्षा आधी झालेली बरी.

मातीच्या तबकड्यांवरचे ऑलिम्पिक प्रकार म्हणजे ट्रॅप आणि स्कीट. आपल्या राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला रौप्यपदक मिळवले ते डबल ट्रॅपमध्ये. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत बारा बोअरपर्यंतच्या सर्व गुळगुळीत नळीच्या बंदुका चालतात, सेमी-ऑटोमॅटिकसुद्धा चालते, पण पंप ॲक्शन स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. म्हणजे पंप ॲक्शन घेऊन तुम्ही स्पर्धात्मक ट्रॅपच्या रेषेवर उभे राहू शकत नाही. तिथे बहुतेक जण एकावर एक नळ्या असलेली बंदूक वापरतात. तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे १०५ ग्रॅम वजनाची असते. ट्रॅपमध्ये ती नेमबाजापासून दूर जात ७६ मीटरच्या आसपास जाऊन पडेल अशा वेगाने सुटते. पहिला बार हुकला तर दुसरा लगेच काढावा लागतो, आणि त्या क्षणी हात पुढे-मागे करायला वेळ नसतो.

आणखी एक अडचण अंतराची आहे. आपल्या भागात नेमबाजी रुजली ती रायफल आणि पिस्तुलाची. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे हे सगळे शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले आहेत. गावोगावचे क्लब दहा मीटरच्या एअर रायफल-पिस्तुलाचे असतात. तबकड्या उडवण्याची यंत्रे, मोकळी जागा आणि छर्रे पडण्याच्या पट्ट्याची सुरक्षितता हा खर्च क्लबांना झेपत नाही. आणि स्वतःच्या मळ्यात तबकड्या फेकून सराव करू, असे मनात असेल तर ते आजच काढून टाका. परवाना ज्या हेतूसाठी आहे त्याबाहेरचा प्रत्येक बार तुम्हाला पोलीस ठाण्यात समजावून सांगावा लागेल.

माझा सल्ला असा की, नेमबाजी शिकायची तर .१७७ ची एअर रायफल घ्या. २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या या रायफलीला परवाना लागत नाही, मुलांनाही क्लबमध्ये नेता येईल, आणि श्वास, चाप व डोळा यांचा मेळ बसला की तो पुढे कुठल्याही बंदुकीला उपयोगी पडतो. पंप ॲक्शनकडे खेळाचे साधन म्हणून पाहू नका.

घाटमाथा

मी पाटण तालुक्यातला. विषयाला धरूनच, पण थोडे विरुद्ध बाजूने लिहितो. मळ्यातल्या चोरीत बंदूक किती वेळा कामी येते, याचा प्रत्येकाने प्रामाणिक विचार करावा. चोरटे पाळत ठेवून येतात आणि घर रिकामे असताना येतात. अशा वेळी कपाटातली बंदूक हीच चोरीला जाणारी सर्वांत धोकादायक वस्तू ठरते आणि तिचा जाब परवानाधारकालाच द्यावा लागतो. आधी अंगणात चारही बाजूंना उजेड, दाराला आतून लोखंडी जाळी, मजुरांचे पगार शक्यतो बँकेतून, ११२ क्रमांक घरातल्या म्हातारीलाही पाठ, आणि शेजारच्या चार वस्त्यांशी फोनची साखळी, एवढे झाले पाहिजे. त्यानंतरही भीती उरली तर बंदूक.

दुसरे म्हणजे आमच्याकडे गवा आणि रानडुक्कर, तुमच्या जिल्ह्यात शिराळा-वाळव्याच्या उसात बिबट्या. बंदूक घरात आली की घरातल्याच कोणाला तरी ‘पिकासाठी एक बार’ काढावासा वाटतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे वनविभागाच्या परवानगीशिवाय तो गुन्हा आहे. कलम ११ मध्ये स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे, ऊस वाचवण्यासाठी केलेल्या कृतीला नाही.

मळेकर

सर्वांचे आभार. घाटमाथा यांनी सांगितलेल्यापैकी उजेड आणि जाळी झाली आहे. पगार बँकेतून देण्याचा प्रयत्न केला, पण परप्रांतीय मजुरांपैकी निम्मे रोखच मागतात.

कृष्णाकाठ यांचा मुद्दा मला नवा होता. पंप ॲक्शन स्पर्धेत चालत नाही हे एकाही दुकानदाराने सांगितले नव्हते. उलट ‘स्पोर्ट्सलाही चालते’ असेच ऐकले. आता माझ्यापुढे प्रश्न एवढाच उरला आहे की, केवळ घरासाठी घ्यायची तर पंप ॲक्शनच का, वडिलांची दुनळी का नको? दुनळीच्या नळ्या खालून पाहिल्या, तिथे इतर खुणांबरोबर ‘२½’ असे कोरलेले आहे. याचा अर्थ काय?

अपशिंगेकर

ही खूण पाहिलीत हे फार चांगले केले. ती काडतुसाच्या घराची, म्हणजे चेंबरची लांबी आहे. अडीच इंच म्हणजे ६५ मिलिमीटर. आजची बरीच काडतुसे पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरची असतात आणि ही लांबी तोंड उघडल्यानंतरची, म्हणजे उडवलेल्या काडतुसाची धरतात. त्यामुळे न उडवलेले ७० चे काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसते आणि माणसाला वाटते की जमले. बार निघताना मात्र काडतुसाच्या तोंडाची घडी उलगडायला जागा मिळत नाही, ती नळीच्या अरुंद भागात शिरते आणि दाब धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो. बंदूक जुनी, नळ्या झिजलेल्या, सांधा सैल झालेला, अशा वेळी हा खेळ चेहऱ्याजवळ चाललेला असतो. बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नका, आणि घालाल तेव्हा ६५ मिलिमीटरचेच घाला. काडतुसाच्या डब्यावर लांबी छापलेली असते.

आता दुनळी की पंप ॲक्शन. दुनळीत दोनच बार असतात, पण ते दोन बार एकमेकांवर अवलंबून नसतात. एक काडतूस उडाले नाही तर दुसरा चाप ओढायचा. बंदूक बिजागरीवर मधून मोडून उघडली की दोन्ही घरे डोळ्यांसमोर उघडी. भरलेली आहे की रिकामी, हे अंधारात बोट लावूनही कळते. घरातल्या नवख्या माणसाला शिकवायला यासारखे हत्यार नाही.

पंप ॲक्शनमध्ये नळीखालच्या नळकांड्यात काडतुसे एकामागे एक बसतात. सरकता दस्ता मागे ओढला की उडालेले काडतूस बाजूने बाहेर पडते आणि नवे उचलणीवर, म्हणजे काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर, येते. पुढे ढकलला की ते चेंबरमध्ये जाऊन बोल्ट बंद होतो. साधी यंत्रणा आहे आणि काडतूस हलके-भारी असले तरी चालते, कारण चालवणारा तुमचा हात असतो. पण तोच हात घाबरलेला असला की दस्ता अर्धाच मागे येतो. मग जुने काडतूस पूर्ण निघत नाही, नवे अर्धे वर येते, आणि दोन्ही मिळून यंत्रणा अडकवून बसतात. नवख्याच्या हातात पंप ॲक्शन अडते ती जवळजवळ नेहमी यामुळेच. यावर उपाय सरावाचा. प्रत्येक वेळी दस्ता मागे ठोकरेपर्यंत ओढायचा आणि पुढे ठोकरेपर्यंत ढकलायचा, नाजूकपणा करायचा नाही.

दुसरी गोष्ट रिकामी करण्याची. नळकांड्यातली सगळी काडतुसे काढल्यावरही चेंबरमध्ये एक उरलेले असू शकते. बोल्ट मागे घेऊन चेंबरमध्ये करंगळी घालायची, नळकांड्याच्या तोंडाशी अंगठा लावून आतली स्प्रिंगची टोपी हाताला लागते का पाहायचे, आणि हे दोनदा करायचे. फौजेत आम्ही हे डोळे मिटून करायला लावत असू.

वारणाकाठची

मळेकरदादा, एक प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून मी विचारते. तुम्ही हंगामात दिवसच्या दिवस मार्केट यार्डात असता. त्या रात्री घरी कोण असते? परवाना तुमच्या नावावर असेल तर बंदूक तुमच्याच हातात असायला हवी. तुम्ही नसताना वहिनींनी ती उचलणे कायद्याच्या दृष्टीने वेगळी गोष्ट आहे. त्यांनीही वापरावी असे वाटत असेल तर त्यांच्या नावे काय सोय होते, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत आधी विचारा.

आणि वहिनी वापरणार असतील तर बंदूक त्यांच्या मापाची हवी. खांद्याला टेकणाऱ्या मागच्या दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या घडीत टेकवून हात नव्वद अंशांत धरला की बोटाचे पहिले पेर चापावर सहज पोहोचले पाहिजे. कारखान्याचे माप साधारण १४ इंच असते आणि ते उंच माणसाला ठीक पडते. लांब दस्ता असला की बाई मागे झुकते, बंदूक खांद्याच्या खोबणीतून दंडावर घसरते, पहिल्याच बाराला दंड काळानिळा होतो आणि ती पुन्हा बंदुकीला हात लावत नाही. एनसीसीत मी हे मुलींच्या बाबतीत पाहिले आहे, तेही .२२ च्या रायफलीवर. बारा बोअरचा धक्का त्याच्या कैक पट असतो. दस्ता कापून आखूड करून मिळतो, पण ते काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. नळीला मात्र कोणाला करवत लावू देऊ नका. परवान्याशिवाय नळी आखूड करणे हाच गुन्हा आहे.

पंप ॲक्शनमध्ये सरकत्या दस्त्यापर्यंत डावा हात न ताणता पोहोचतो का, हेही पाहायला लागते. दुकानात पुरुषाने घेऊन पाहायची आणि घरी बाईच्या हातात द्यायची, असे करू नये.

कृष्णाकाठ

ताईंच्या मुद्द्याला जोडून काडतुसांबद्दल लिहितो, कारण धक्का निम्मा तिथूनच येतो.

आपल्याकडे सहज मिळणारी बारा बोअरची काडतुसे म्हणजे खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’. हा कारखाना १८६९ पासूनचा असून आता तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये येतो. छर्ऱ्याचा आकडा जितका मोठा तितका छर्रा बारीक. त्याच्या वर बीबी, त्याहून जाड एसजी आणि सर्वांत जाड एलजी. एसजीचा एक छर्रा साधारण ८.४ मिलिमीटरचा, म्हणजे तो छर्रा म्हणण्यापेक्षा पिस्तुलाची गोळीच समजा. स्पर्धेच्या काडतुसात २४ ग्रॅम बारीक छर्रे असतात आणि त्याचा धक्का सुसह्य असतो. सराव त्याच्यावर करावा.

लोकांचा एक मोठा गैरसमज आहे की छर्रे फाकतात, म्हणून नेम धरावा लागत नाही. ओसरीपासून माजघराच्या टोकापर्यंतचे अंतर पाच-सहा मीटरचे असते. एवढ्यात जाड छर्ऱ्यांचा घोस तळहाताएवढा, फार तर वीतभर फाकतो. नेम हुकला तर सगळाच घोस हुकतो आणि पलीकडे जे असेल त्याला लागतो. प्लायवूडचे दार, खिडकी, पत्रा यांतून एसजी आरपार जाते. तुमच्या शेडवर पत्र्याच्या आडोशाला मजूर झोपलेले असतात, हे लक्षात ठेवून कोणत्या दिशेला बार काढायचाच नाही हे घरात आधी ठरवून ठेवा. या कारणाने घरासाठी मी एलजीच्या पूर्ण विरोधात आहे.

चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचे आकुंचन, तुम्ही विचारला नाहीत. घरासाठी सरळ, बिनचोकाची नळी असावी. घट्ट चोक लांबच्या पक्ष्यासाठी असतो.

अपशिंगेकर

कृष्णाकाठ यांनी एसजी-एलजीचे बरोबर लिहिले. माझे दुकानातल्या तपासणीबद्दल लिहायचे राहिले होते.

बंदूक हातात आल्यावर आधी रिकामी करून पाहा, दुकानदाराने करून दाखवली असली तरी. मग बोल्ट मागे घेऊन नळीतून उजेडाकडे पाहा. आत कड्यांसारख्या सावल्या दिसतात, त्या अखंड गोल असल्या पाहिजेत. एखादी वाकडी दिसली तर नळी दबलेली आहे. सरकता दस्ता अगदी हळू मागे-पुढे करा, कुठे अडखळतो का पाहा, आणि मग जोरात करा. सरकत्या दस्त्याला जोडलेल्या दोन पट्ट्यांवर चालणारी यंत्रणा एका पट्टीवरच्या यंत्रणेपेक्षा कमी वाकडी होते. दुकानदाराकडे खोटी (दारू नसलेली) काडतुसे असतील तर नळकांडे पूर्ण भरून सगळी एका दमात बाहेर काढा. काडतूस उचलणीवर तिरके येत असेल तर ती बंदूक परत द्या. चाप न ओढता बंदूक बंद असताना दस्ता मागे येता कामा नये. त्यासाठी चापाजवळची कळ दाबावी लागली पाहिजे. ती कळ हातमोजा घालूनही सापडेल अशी असावी. सेफ्टी लावून चाप ओढा, मग चाप सोडून सेफ्टी काढा. घोडा पडल्याचा आवाज आला तर सेफ्टी खोटी आहे. शेवटी पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, हलवून पाहा. नवीन बंदुकीचीही हलताना पाहिली आहे.

पंपाचा नुसता आवाज ऐकून चोर पळतो, ही अमेरिकेतून आलेली समजूत आहे. पळेलही, पण तुम्ही कुठे उभे आहात हे त्याला त्याच आवाजातून कळते. मोठ्याने हाक मारून ‘पोलिसांना फोन लावला आहे’ असे सांगणे जास्त कामाचे.

कोर्टकचेरी

मघाचे राहिलेले लिहितो. शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाहक्काची तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर तर वारसाला अर्ज करता येतोच, पण परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याच्याकडे ते शस्त्र पंचवीस वर्षे आहे, तर त्याच्या हयातीतही ते वारसाच्या नावे करता येते. तुमच्या घरी पहिली अट पूर्ण झालेलीच आहे. अर्जदाराची पात्रता, पोलीस पडताळणी आणि बाकीच्या अटी नेहमीसारख्याच लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे. म्हणजे दुनळी नावावर घेतल्यावर आणखी एक शस्त्र घेण्याची वाट मोकळी राहते. अर्जासोबत शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते, म्हणून भिंतीत पक्के केलेले लोखंडी कपाट आधी करून घ्या आणि त्याचा फोटो जोडा.

आता खरा नाजूक भाग. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खासगी बचावाचा अधिकार तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मालमत्तेच्या बचावात मृत्यू घडवण्यापर्यंत जाता येईल अशा परिस्थिती कलम ४१ मध्ये मोजून दिल्या आहेत. जबरी चोरी आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी त्यांत येते. पण कलम ३७ चे बंधन या सगळ्यांवर आहे. बचावाला आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि सरकारी मदत घेण्यास वेळ असेल तर हा अधिकारच राहत नाही. बागेतून द्राक्षाच्या पेट्या उचलून पळणाऱ्याच्या पाठीवर काढलेला बार यांपैकी कशातही बसत नाही. चोर पळाला की तुमचा अधिकार संपला, असे धरून चालावे. आणि मुलाच्या लग्नात वडिलांची बंदूक हवेत उडवण्याची हौस कोणाला असेल तर, निष्काळजीपणे किंवा आनंदोत्सवात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

घाटमाथा

वकीलसाहेबांनी लिहिलेले वाचून माझे म्हणणे जास्तच पक्के झाले, पण मळेकरांचा अर्ज त्यांचा आहे. एक विचारतो, सुभेदारसाहेब: मुले असलेल्या घरात बंदूक भरून ठेवावी का? अमेरिकी मंडळी नळकांडे भरलेले आणि चेंबर रिकामे ठेवतात.

अपशिंगेकर

माझे मत नाही ठेवावे. बंदूक रिकामी, कपाटाला कुलूप, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मोठ्या माणसाच्या अंगावर. जाळीचे दार आणि कुत्री यांनी दिलेल्या वेळात चार काडतुसे भरता येतात, तेवढा सराव करावा. शाळकरी मुलाला किल्ली कुठे असते हे तुमच्या अंदाजापेक्षा आधी कळते.

कृष्णाकाठ

इथे माझा थोडा मतभेद आहे. कपाट बोटाच्या ठशाचे किंवा आकड्यांचे असेल आणि मुलांच्या हातापलीकडचे असेल, तर आत नळकांडे भरून ठेवणे मला चालते. घाबरलेल्या हाताने अंधारात काडतुसे भरताना ती निम्मी जमिनीवर पडतात. पण मळेकरांकडे अजून बंदूकच नाही, तेव्हा पहिल्या वर्षी सुभेदारसाहेबांचे ऐकावे.

मळेकर

सर्व वाचून मी असे ठरवले आहे. वडिलांशी बोललो, त्यांची तयारी आहे. आधी दुनळी माझ्या नावे करण्याचा अर्ज करतो आणि त्यासाठी लागणारे सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण करतो. कारागिराने तिला योग्य म्हटले तर ६५ मिलिमीटरच्या काडतुसांवर एक हंगाम काढतो, नाही म्हटले तर पंप ॲक्शनच्या अर्जाला ते कारणच होईल. मुलांसाठी आणि माझ्यासाठी एअर रायफल या महिन्यात घेतो. पत्नीने कोपराचे माप घेऊन पाहिले, तिला १३ इंच पुरतात.

एक शेवटचा प्रश्न. निवडणुका लागल्या की वडिलांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. द्राक्षाच्या हंगामातच निवडणूक आली तर?

कोर्टकचेरी

सरसकट सर्वांनी जमा करावी असे नसते. आचारसंहितेच्या काळात छाननी समिती कोणाचे शस्त्र जमा करायचे हे ठरवते, आणि गुन्ह्याची पार्श्वभूमी नसलेल्या व खरी गरज असलेल्या माणसाला लेखी विनंती करता येते. नोटीस आली की तोंडी वाद न घालता, मुदतीच्या आत, हंगामाचे आणि रोकडीचे कारण देऊन अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तरीही जमा करायला सांगितलेच तर पावतीवर बंदुकीचा क्रमांक, नळीची लांबी आणि काडतुसांची संख्या तिथेच तपासून लिहून घ्या. जमा करण्यापूर्वी नळीतून तेलाची चिंधी फिरवा आणि चामड्याच्या पिशवीत घालून देऊ नका. चामडे ओल धरते आणि दोन महिन्यांनी बंदूक गंजून परत येते.

अपशिंगेकर

आणि परत आणल्यावर कपाटात ठेवण्यापूर्वी चेंबरमध्ये करंगळी.

मळेकर

नक्की. पुढच्या आठवड्यात तासगावला तहसीलचे दाखले काढायचे आहेत, त्यानंतर सांगलीला परवाना शाखेत जातो. कारागिराने दुनळीबद्दल काय सांगितले ते इथेच लिहीन.